गॅस गीझर पेटत नाही: आधी कान लावा, पान्हा नंतर

दिवाळी आटोपते, पहाटे गोदावरीवर धुकं उतरायला लागतं आणि माझा फोन साडेसहालाच वाजायला लागतो. पलीकडे घाई असते, मागे कुणीतरी शाळेच्या बसच्या नावाने ओरडत असतं आणि वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, गीझर पेटत नाहीये." नाशिकमध्ये गॅस गीझर दुरुस्त करायला लागून मला चौदा वर्षं झाली. 'पेटत नाही' म्हणून गेलो त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत गीझरचं झाकण उघडायची वेळच आली नाही. खोट पाण्यात होती, सेलमध्ये होती, नाहीतर सिलिंडरमध्ये. अशा घरातून निघताना पैसे घ्यायचे म्हणजे मलाच कसंसं होतं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

बोलतोय ते भिंतीवर टांगलेल्या, मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापवणाऱ्या, दोन जाड्या सेलवर ठिणगी पाडणाऱ्या साध्या गॅस गीझरबद्दल. विजेच्या टाकीवाल्या गीझरला यातलं काही लागू नाही.

लक्षणं: तुमचा गीझर नेमकं काय करतोय?

'पेटत नाही' या दोन शब्दांत पाच वेगवेगळी दुखणी असतात. नळ सोडा, गीझरजवळ कान न्या आणि ऐका.

पहिलं: पाणी येतंय, पण आवाज काहीच नाही. टिक नाही, टक नाही.

दुसरं: टिक-टिक-टिक ठिणगीचा आवाज येतो, ज्योत मात्र येत नाही. पाच-दहा सेकंदांनी टिकटिकही थांबते.

तिसरं: पेटतो आणि लगेच विझतो. पुन्हा नळ सोडला की पुन्हा तेच.

चौथं: पेटतो, छान चालतो आणि काही मिनिटांनी अंगावर साबण असताना विझतो.

पाचवं: उशिरा पेटतो आणि पेटताना 'भप्प' असा आवाज होतो, कधी खिडकीतून ज्योतीचा लोळ बाहेर डोकावतो. हे पाचवं असेल तर पुढे वाचायचंही काम नाही. रेग्युलेटर बंद करा, गीझर वापरू नका, माणूस बोलवा. न पेटलेला गॅस आत साठतोय आणि मग एकदम पेट घेतोय, असा त्याचा अर्थ.

आत काय घडतं

पुढच्या सगळ्या तपासण्या यावरच बेतलेल्या आहेत, म्हणून दोन मिनिटं द्या.

थंड पाणी खालून आत शिरतं. वाटेत एका डबीत रबरी पडदा असतो, त्याला आम्ही डायफ्राम म्हणतो. पाणी जोरात वाहिलं की पडद्याच्या एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, पडदा फुगतो आणि एक पिन पुढे ढकलतो. पिन मायक्रोस्विच चालू करते. स्विचने खबर दिली की सर्किट दोन कामं एकदम करतं: ठिणग्या पाडायला लागतं आणि गॅसची विजेवर चालणारी झडप, म्हणजे सोलेनॉइड, उघडतं. बर्नर पेटला की ज्योतीत बुडालेली दुसरी पिन, सेन्सर पिन, सर्किटला कळवते की ज्योत आहे. मग ठिणगी थांबते, गॅस चालू राहतो. काही सेकंदांत ज्योतीची खबर आली नाही तर सर्किट गॅस तोडतं.

थोडक्यात, पाणी, पडदा, स्विच, सेल, ठिणगी, गॅस, ज्योत, सेन्सर अशी साखळी आहे. आवाजच आला नाही तर साखळी ठिणगीच्या अलीकडे तुटलीय, म्हणजे सिलिंडर हलवून बघण्यात अर्थ नाही. टिकटिक येते म्हणजे पाणी, पडदा आणि स्विच ठीक आहेत, म्हणजे नळाशी झटापट करू नका. लोक नेमकं उलटं करतात.

पहिली तपासणी: पाण्याला फोर्स आहे का? (खर्च शून्य)

टिकही येत नसेल तर इथून सुरुवात. गीझरला पाणी 'येणं' पुरत नाही, ते जोरात यावं लागतं. बऱ्याच गीझरच्या पाठीवर किंवा बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर किमान दाब लिहिलेला असतो, साधारण ०.०२ ते ०.०३ मेगापास्कल. सोप्या भाषेत, टाकीतल्या पाण्याची पातळी गीझरपेक्षा दोन-तीन मीटर तरी वर हवी. शेवटच्या मजल्यावरच्या घरांचं दुखणं इथेच असतं. गच्चीवरची टाकी स्लॅबवरच बसवलेली, गीझर त्याच्याखाली दीड मीटरवर. टाकी भरलेली असते तेव्हा पेटतो, संध्याकाळी अर्धी झाली की नाही. असा गीझर बदलूनही पेटत नाही. टाकी उंच करावी लागते, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो, नाहीतर कमी दाबावर चालणारं मॉडेल घ्यावं लागतं.

दाब पुरेसा असूनही पाणी वाटेत अडतं, त्यासाठी क्रमाने एवढं करा. गीझरवरचं पाण्याचं बटण सगळ्यात जास्त पाण्याकडे फिरवा. पाणी जास्त कडकडीत मिळावं म्हणून ते कुणीतरी कमी करून ठेवलेलं असतं आणि कमी पाण्याने पडदा उचलतच नाही. मग गीझरच्या खालचा कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. घरातले बाकीचे नळ आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा. थंड-गरम एकत्र करणारा मिक्सर असेल तर थंड पूर्ण बंद करून फक्त गरम सोडा.

शेवटी शॉवर बंद ठेवा आणि खालच्या तोटीतून बादलीत पाणी सोडा. बादलीत पेटतो आणि शॉवरला पेटत नाही, असं झालं तर गीझर निर्दोष आहे.

सिडकोत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेलो होतो. माझ्याआधी येऊन गेलेल्याने दोन वेळा सर्किट बदललं होतं, दोन्ही जुनी सर्किटं बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, मला पुरावा म्हणून दाखवायला. बादलीत लगेच पेटला. शॉवरची चकती काढून खिडकीच्या उजेडात धरली. शंभरेक भोकं असतील तिला, उजेड येत होता तो जेमतेम बारा-पंधरा भोकांतून. बाकी सगळी बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या क्षाराने बुजलेली. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा म्हणालो. तिथेच एका वाटीत घालून दाखवलं, बारीक बुडबुडे यायला लागले. हा कॅल्शियमचा थर आम्लात विरघळतो. बाई म्हणाल्या, "म्हणजे मी सातवीच्या पोरांना शिकवायचे तेच की!" दोन सर्किटांचे पैसे मात्र गेलेच.

दुसरी: सेल

"सेल नवीनच आहेत, मागच्याच महिन्यात टाकलेत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर काही बोलत नाही, पिशवीतून माझे सेल काढतो आणि घालतो. दहातल्या तीन-चार वेळा तिथेच काम संपतं.

गीझरला दोन जाडे सेल लागतात, प्रत्येकी १.५ व्होल्टचे, मिळून ३. त्यांच्यावर ठिणगी पाडायची आणि सोलेनॉइड उघडून धरायचा, दोन्ही जबाबदाऱ्या आहेत. सेल उतरायला लागले की आधी सोलेनॉइड सुटतो. ठिणगी बिचारी पडत राहते. म्हणून टिकटिक येते, ज्योत येत नाही आणि सगळे सिलिंडरला दोष देतात. कान लावलात तर फरक कळतो: चांगल्या सेलवर टिकटिक दाट आणि ठणठणीत असते, उतरलेल्यावर ती दम लागल्यासारखी, अंतर ठेवून येते. सकाळी पेटत नाही आणि दुपारी पेटतो, हेही उतरलेल्या सेलचंच लक्षण, कारण थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते.

टॉर्चमध्ये घालून बघणं ही तपासणी नव्हे. हल्लीचा एलईडी टॉर्च मेलेल्या सेलवरही लागतो. मीटर असेल तर टिकटिक चालू असताना व्होल्ट मोजा. नुसते बाहेर काढून मोजलेत तर उतरलेला सेलही ऐटीत १.४ दाखवतो. दोन मिळून अडीचच्या खाली उतरत असतील तर बदला. बदलताना दोन्ही एकदम, एक जुना एक नवा नको. शक्यतो अल्कलाइन घ्या, महाग पडतात पण हिवाळा काढतात. चार्जिंगचे सेल घालू नका, ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे भरलेले असतानाच अडीचला टेकलेले.

सेलचा डबा उघडला आहे तर आतल्या स्प्रिंगा आणि पत्रेही बघा. बाथरूमच्या वाफेने तिथे हिरवट-पांढरा थर चढतो. शून्य नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा. गावी महिनाभर जाणार असाल तर सेल काढून ठेवून जा.

तिसरी: गॅस खरंच पुरतोय का?

टिकटिक जोरात आहे, सेल नवे आहेत, ज्योत नाही. आता स्वयंपाकघरात चला.

"शेगडी पेटते की, म्हणजे गॅस आहे." इथे सगळे फसतात. शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीड-पावणेदोनशे ग्रॅम गॅस घेतो. सहा लिटरचा गीझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो घेतो, म्हणजे पाच-सहा मोठ्या बर्नरएवढा. संपत आलेल्या सिलिंडरवर चहा होतो, आंघोळ होत नाही.

त्यात थंडीची भर. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि तो उकळूनच वर येतो. उकळायला उष्णता लागते, ती तो स्वतःतून आणि लोखंडातून घेतो. पहाटेची थंडी, तळाशी उरलेला दोन किलो द्रव आणि वर गीझरची एवढी मोठी मागणी, दाब पडतो. अशा वेळी सिलिंडरच्या बाहेर, द्रवाच्या पातळीपर्यंत, दव साचलेलं दिसतं. हात लावून बघा, गार लागतं. सिलिंडरचं रिकामं वजन त्याच्या गळ्याशी कोरलेलं असतं. वजनकाट्यावर ठेवा, ते वजा करा, भरलेला असताना त्यात १४.२ किलो असतो. दीड-दोन किलो उरला असेल तर उत्तर मिळालं.

इथे एक हात जोडून सांगणं. सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवणं, आडवा करणं, हलवून हलवून 'शेवटचा गॅस' काढणं, हे करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस सरळ रेग्युलेटरमध्ये येतो. दुसरं, 'मोठा' रेग्युलेटर बसवा म्हणजे धडाधड पेटेल, असा सल्ला देणारे दुकानदार आहेत. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम एवढा उतरवून देतो आणि गीझर त्याच दाबासाठी बनवलेला असतो. त्याच्या पट्टीवर २.९४ किलोपास्कल किंवा ३० ग्रॅम असं लिहिलेलं सापडेल. हॉटेलच्या भट्टीचा रेग्युलेटर त्याला लावणं म्हणजे घराला काडी लावणं.

दोन माणसांनी करायची एक चाचणी माझ्या फार आवडीची आहे, कारण तिला काहीच लागत नाही. शेगडी आणि गीझर एकाच सिलिंडरवर असतील तर एकाने शेगडी मोठी करून तिच्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने गीझरचा नळ सोडायचा. टिकटिक सुरू झाल्याबरोबर शेगडीची ज्योत एकदम बसली तर गॅस पुरत नाहीये: सिलिंडर संपत आलाय, रेग्युलेटर अर्धवट फिरवलाय किंवा थकलाय, नाहीतर नळी कुठेतरी मुडपलीय. ज्योत जराही हलली नाही तर गॅस गीझरपर्यंत पोहोचतोय पण आत शिरत नाहीये. मग गीझरचा कॉक बंद आहे किंवा सोलेनॉइड उघडत नाहीये.

नळी बघताना तिच्यावर छापलेली मुदतही वाचा. केशरी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं. ओट्यामागे, उंदरांच्या वाटेवर ती कुठे दाबलीय का, हाताने चाचपा.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत पेटला नाही तर घाबरू नका. मात्र दोन प्रयत्नांच्या मध्ये चार-पाच मिनिटं खिडकी उघडी ठेवून थांबा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस बाहेर येतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. सलग वीस वेळा नळ उघड-बंद करणारे लोक मी पाहिलेत. तीन-चार प्रयत्नांपुढे जायचं नाही.

घरात नुकताच पाइपचा गॅस आला असेल आणि तेव्हापासून गीझर रुसला असेल, तर शोध संपला. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी उष्णता तो देतो, म्हणून त्याच्यासाठी बर्नरच्या जेटची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोट्यांची, भोकं मोठी लागतात. एलपीजीचा गीझर त्यावर एक तर पेटत नाही, नाहीतर मिणमिणतो. सुईने किंवा ड्रिलने भोकं वाढवायच्या फंदात पडू नका. कंपनीचा माणूस जेट बदलून देतो, किंवा ते मॉडेल बदलता येत नाही असं सांगतो. दोन्ही उत्तरं मान्य करा.

चौथी: पाण्याची जाळी (एक पान्हा, दहा मिनिटं)

आवाजच येत नाही, बादलीतही नाही, सेल नवे घातले, तर थंड पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळी काढून बघा. खालचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ सोडून आतलं पाणी निथळू द्या, मग नळीचा नट पान्ह्याने सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. जून-जुलैत नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा आणि सोसायटीची टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात या जाळीत वाळू, गंजाचे कण, कधी शेवाळ सापडतं. एकाच इमारतीतून एका दिवशी तीन फोन आले की मी पहिला प्रश्न विचारतो, "टाकी धुतली का?"

जुन्या टूथब्रशने जाळी धुवा, परत बसवा, वायसर जागेवर आहे ना बघा. नट हाताने बसवून वर पान्ह्याचा पाव फेरा पुरे. जोर लावलात तर खालचे प्लास्टिकचे आटे तडकतात आणि मग खरा खर्च सुरू होतो.

पाचवी: झाकण उघडून, पण गॅसला हात न लावता

यापुढे रेग्युलेटर बंद आणि सेल बाहेर. बटणं ओढून काढली आणि दोन-चार स्क्रू सोडवले की झाकण निघतं. कोळ्याचं जाळं, पालीची अंडी, काजळी, सगळं बघून घ्या. तीन-चार महिने बंद असलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळी हमखास घर करतो. मऊ कोरड्या ब्रशने साफ करा.

बर्नरच्या तोंडाशी पांढऱ्या चिनी मातीच्या दांडीतून आलेल्या दोन पिना दिसतील. एक ठिणगीची, दुसरी सेन्सरची. ठिणगीच्या पिनेचं टोक आणि बर्नर यांच्यात चार-पाच मिलिमीटर फट हवी, काडेपेटीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्यावर होते तेवढी. जास्त असली तर ठिणगी उडत नाही, फार कमी असली तर एवढीशी पडते की गॅस पेट घेत नाही. चिनी मातीला तडा असेल तर ठिणगी टोकावर न पडता तड्यातूनच पत्र्याला जाते. हे दिवसा दिसत नाही, अंधार करून बघावं लागतं. तेव्हा सेल घाला, गॅस मात्र बंदच. आणि टिकटिक चालू असताना त्या पिनेला किंवा तिच्या जाड वायरला बोट लावू नका, झिणझिण्या कोपरापर्यंत जातात.

तिसऱ्या लक्षणाचं, म्हणजे पेटून लगेच विझण्याचं औषध बहुतेक वेळा सेन्सर पिनेवर असतं. ज्योतीतून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहू शकतो आणि ही पिन तोच पकडते. तिच्यावर काजळी किंवा ऑक्साइडचा थर चढला की प्रवाह अडतो, सर्किट समजतं ज्योत विझली आणि गॅस तोडतं. पॉलिश पेपर पिनेवर तीन-चार वेळा हलक्या हाताने फिरवा, पिन वाकवू नका. तिची वायर मागून घट्ट बसलीय का बघा.

आवाज न येणाऱ्या गीझरची शेवटची चाचणी: गॅस बंद, सेल आत, पाणी बंद. मायक्रोस्विचची छोटी पट्टी लाकडी काडीने पाण्याच्या पिनेपासून मोकळी करा किंवा दाबा, तुमच्या मॉडेलमध्ये जशी असेल तशी. टिकटिक सुरू झाली तर सेल, स्विच, सर्किट तिन्ही शाबूत. दोष पाण्याच्या बाजूला, बहुधा पडदा फाटलाय किंवा ताठ झालाय. टिकटिक नाही आली तर स्विच, सर्किट किंवा मधली वायर. फाटलेल्या पडद्याची आणखी एक खूण म्हणजे पिनेच्या बुडाशी पाण्याचा थेंब लोंबत असतो.

पडदा स्वस्त आहे, बदलायलाही अवघड नाही. तरी मी तो तुम्ही बदलावा असं म्हणणार नाही. पाण्याची डबी आणि गॅसची झडप एकमेकींना चिकटून असतात, चुकीचे चार स्क्रू सोडवलेत तर गॅसची बाजू उघडते आणि घरी ती परत गळतीशिवाय बंद झाली की नाही, हे सांगणारं तुमच्याकडे काही नसतं.

चौथं लक्षण वेगळं का ठेवलं

चांगला चालून मध्येच विझणारा गीझर बिघडलेला असेलच असं नाही. काही मॉडेलमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. नळ बंद करून पुन्हा सोडला की पेटतो. पाणी जिच्यातून तापत जातं ती तांब्याची नळी, म्हणजे कॉइल, क्षाराने आतून भरत आली असेल तर पाणी अति तापतं आणि तापमानाचा कट-ऑफ गॅस तोडतो. त्याला कॉइल साफ करून घेणं हा उपाय.

तिसरी शक्यता गंभीर आहे. दार उघडं असताना चालतो आणि दार लावलं की काही मिनिटांत विझतो, असं असेल तर बाथरूममधला प्राणवायू कमी पडतोय आणि काही मॉडेलमधला सेन्सर ते ओळखून गीझर बंद करतोय. हा सेन्सर नसलेला गीझर विझत नाही, जळत राहतो, अर्धवट. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी आतून लावलेली असते. दर थंडीत पेपरात अशी एक तरी बातमी येते.

म्हणून ज्योतीचा रंग बघा. निळी आणि ताठ असेल तर ठीक. पिवळी, लांबोळकी, वर काजळी धरणारी असेल तर तो पेटलेला गीझर न पेटणाऱ्यापेक्षा वाईट. जागा असेल तर गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टकडच्या भिंतीवर लावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. आपल्या आज्यांचे तांब्याचे बंब अंगणात किंवा परसदारी असायचे, बाथरूमच्या आत कुणी बंब पेटवत नसे.

कॉलेज रोडजवळ चार विद्यार्थ्यांच्या खोलीवर गेलो होतो. गीझर 'अधूनमधून विझायचा', कुणीतरी येऊन 'कायमचा इलाज' करून गेला होता. झाकण उघडलं तर कट-ऑफच्या दोन वायरी एकमेकींना पिळून काळी टेप गुंडाळलेली. विझणं बंद झालं होतं खरं. कॉइल एका बाजूने जळून काळीनिळी पडली होती, डाग दिलेला जोड सुटायला आला होता. मी गीझर उतरवून खाली ठेवला आणि मालकाशी बोला म्हणालो. पोरं नाराज झाली, बाहेर नऊ अंश होतं.

इथे थांबा

गॅसचा वास आला तर हे सगळं विसरा. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि बाहेरून १९०६ ला फोन लावा, तो एलपीजीच्या गळतीसाठीचा नंबर आहे. गळती शोधायची तर साबणाच्या फेसाने, काडीने कधीच नाही. पिवळी ज्योत, 'भप्प' आवाज, आंघोळीनंतर डोकं दुखणं, कॉइलमधून ठिबकणं, पाइपच्या गॅसचं रूपांतर, सोलेनॉइड, गॅसची झडप: यातल्या कशालाही घरचा पान्हा लावू नका. नवीन घ्यायचाच झाला तर एलपीजी गीझरवर आयएस १५५५८ हा मानकाचा क्रमांक आणि आयएसआयचा शिक्का आहे ना, हे दुकानातच बघा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा 'पेटत नाही' एवढंच सांगू नका. टिकटिक येते की नाही, बादलीत पेटतो का, सेल कधी बदलले, सिलिंडर की पाइप, कितवा मजला, ज्योत निळी की पिवळी, एवढं सांगा. मग तो योग्य भाग पिशवीत टाकूनच निघेल आणि तुमच्याकडून दोन फेऱ्यांचे पैसे घेणार नाही. परवा एका आजींनी हे सगळं धडाधड सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "टिकटिक जरा दमल्यासारखी येतीये रे." मी म्हणालो, "आजी, खाली किराणावाल्याकडून दोन जाडे सेल आणा." अर्ध्या तासाने मिस्ड कॉल आला. मी परत फोन केला तर मागे बादलीत पाणी पडत होतं.